डाव्या बुटातलं पत्र

चि. दर्शना हिस,

प्रमोदमामाचा सप्रेम जय भीम. तू, तुझं जेवण आणि तुझं ते दोन माणसांचं विमान ठणठणीत असेल असं धरून चालतो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे लांज्याला तुझी आई खरोखर खुशाल आहे, रत्नागिरीत तुझी नम्रतामामी मला सहन करते आहे, आणि मी बसलो की उठतो आणि उठलो की कशाला उठलो ते विसरतो. फोन न करता लिहितो आहे, कारण फोनवर माझं वाक्य संपायच्या आत तू हसतेस. हे पत्र डाव्या बुटात घालून पाठवतो. कागदाला वास आला तर दचकू नकोस, खुलासा पुढे आहे.

तू सांगितलेलं सगळं ध्यानात ठेवलं. धावपट्टीवर विमानाचं नाक पायांनी वळवायचं, पेडलवर किती जोर पडतो ते तळव्याला कळायला हवं, म्हणून बुटाचा तळ पातळ हवा, टाच उंच नको, नाड्या लोंबायला नकोत. तू निघताना आम्ही दिलेले बूट (पसंती तुझ्या आईची, संमती माझी) इतक्या जाड तळाचे निघाले की तुझं विमान वरातीतल्या काकासारखं या कडेहून त्या कडेला जायला लागलं, आणि तुला शिकवणारे कॅप्टन म्हणाले, सोमवारपर्यंत बूट बदल, नाहीतर पहिल्यांदा एकटीनं उडायचं ते पुढच्या तुकडीबरोबर. इथवर ठीक. पण त्यावर तू सहज म्हणालीस, "नाहीतर मी अनवाणीच उडवते मामा, पायाला सगळं कळतं." अगो, तुझे पणजोबा, भिकू, गावच्या खोताच्या अंगणापुढून जाताना वहाणा काढून हातात घ्यायचे. त्यांच्याही पायाला सगळं कळत होतं. तेव्हा अनवाणी हा विषय आपल्या घरात संपलेला आहे. एक दिवस त्या अंगणावरून तू जाशील ती बूट घालून, नाड्या बांधून, आणि जमल्यास विमान जरा खाली घेऊन.

मग मी बाजारपेठ पालथी घातली. विमान चालवायला पातळ तळाचे बूट हवेत म्हटल्यावर पहिल्या दुकानातला गौरवशेठ माझ्याकडे दयेनं बघत राहिला. म्हणाला, "मास्तर, पातळ कशाला? दणकट घ्या वो. पडलंबिडलं तर पाय तरी शाबूत." (हे तुझ्या आईला सांगू नकोस.) दुसऱ्यानं टाचेत लाल दिवे लागणारे बूट काढले, वर ढगात उजेड नको का, हा त्याचा मुद्दा. तिसऱ्याच्या माळ्यावर एकच जोड मिळाला, शाळेच्या कवायतीचे पांढरे कॅनव्हासचे बूट, तळ पापडाएवढा पातळ. घरी आणून लगेच परीक्षा घेतली. आपल्याकडे विमान नाही, पण मामीचं पायाचं शिलाई मशीन आहे. ती "सावकाश" म्हणाली की सावकाश, "दाब" म्हणाली की दाब. तळव्याला सगळं कळलं. फक्त एकदा आकाशात काही घरघरलं म्हणून मी खिडकीकडे बघितलं आणि शेजारच्या कमळाकाकूंच्या ब्लाउजची बाही कायमची बंद झाली.

आता खरी गोष्ट. नवा जोडा चावतो, आणि मोठ्या कामाला चावता जोडा घालून कुणी जायचं नाही, अशी आपल्याकडची रीत तुला माहीतच आहे. घरात ज्याचं माप जुळतं त्यानं तो आधी घालून मोकळा करायचा. तुझं आणि माझं पाऊल सारखंच (तुझ्या आईला याचं अजून वाईट वाटतं). म्हणून टाचेच्या आत खोबरेल लावलं आणि निघालो. एरवीही मला चालायला निमित्तच हवं होतं. चालत चालत मिरकरवाड्याला पोचलो. बंदरावर मासळीचा लिलाव जोरात, पांढऱ्या बुटांकडे बघून लोक वाट देत होते. आणि पुन्हा वर तीच घरघर. मी मान वर केली, आत कोण असेल, एकटंच असेल का, असा विचार करत एक पाऊल पुढे टाकलं, ते थेट बर्फात ठेवलेल्या बांगड्यांच्या क्रेटमध्ये. क्रेट आडवा, मीही आडवा, दोन्ही बूट भरले. जाईबाई मासळीवाली शांतपणे म्हणाली, "मास्तरानू, वर काय बघताव? मासळी खाली हाय."

बूट साबणानं धुतले, लिंबानं घासले, शेवटी मामीनं आमसुलाच्या पाण्यात बुडवून ठेवले. त्याचा उपयोग झाला. आधी नुसता बांगड्याचा वास येत होता, आता बांगड्याच्या आमटीचा येतो. दुसरा जोड मिळाला नाही आणि सोमवार कुणासाठी थांबत नाही, तेव्हा हेच पाठवतो आहे. पण चावणार नाहीत, याची हमी माझी.

तुझा,
प्रमोदमामा

ता. क. वासाचा फार विचार करू नकोस. कॅप्टनांना शेजारी बसवेनासं झालं तर ते खाली उतरतील, आणि एकटीनं उडायचं आपोआप जमेल.

ता. क. २. खोताच्या अंगणावरून खालून जा असं लिहिलंय ते मनावर घेऊ नकोस. उंचावरूनच जा. त्यांना दिसलं नाही तरी चालेल.

ता. क. ३. खरं काम हे. सोमवारी उतरलीस की बूट काढायच्या आधी फोन कर. जोडा कसा बसला, एवढंच विचारायचं आहे. त्या दिवशी माझं वाक्य संपायच्या आत हसलीस तरी चालेल.