सभागृहात टेकलेले गुडघे

तीर्थरूप नासिबेकोताईस,

धाकट्या एनिफाचा गुडघे टेकून नमस्कार. (या टेकण्यानेच घात केला, सांगते.) तुझे गुडघे अजून दुखतात का? शेळी व्यायली का? इथे राजधानीत, लिलाँग्वेत, मक्याचं न्सिमा पोटभर मिळतं, पण तुझ्या हातची सुक्या मासळीची आमटी नाही, म्हणजे मी उपाशीच म्हणायची.

निवडून आल्यापासून मी संसदेत तोंड उघडलं नव्हतं, हे रेडिओवरून तुला कळलंच असेल. ("आमची एनिफा तिकडे बाक गरम करते," असं गावभर सांगितलंस म्हणे!) अगं, आपल्याकडे बाळंतिणींचा दवाखाना हवा, हे बोलायचं म्हटलं की तुझी लेक फनेसी आठवायची, कळा सुरू असताना नदीला पूर आला म्हणून अलीकडच्या काठावरच गेलेली, आणि हातातला कागद मी परत पिशवीत घालायची. मंगळवारी सभापतीबाईंनी माझं नाव पुकारलं. मानाच्या माणसाने हाक मारली की आधी काय करायचं, हे तूच शिकवलंस ना? टेकले गुडघे! समोरच्या बाकामागे मी पार दिसेनाशी झाले. बाई मला शोधतायत, पुरुष मंडळी खो खो हसतायत. एकजण ओरडला, "अहो, मॅडमचं कानातलं पडलं वाटतं!" मेल्याहून मेल्यासारखं झालं. कशीबशी उठले. तशीच खाली बसले.

संध्याकाळी बाईंनी दालनात बोलावलं. आता खरडपट्टी, म्हणून मी पदर सावरावा तसं कमरेचं चितेंजे सावरत गेले. दार लागलं, आणि माझ्याहून लहान ती बाई, अंगात तो काळा झगा, गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी मला पाणी देऊ लागली! म्हणाली, "आई, इथे तुम्ही वडील, म्हणून मी खाली. पण सभागृहात तुमच्या जागी तुमचं गाव असतं. गावाने का गुडघे टेकायचे?" मला रडूच आलं गं.

दुसऱ्या दिवशी मी बोलले. फनेसीचं नाव घेऊन बोलले. मग वर्षभर गप्प असलेल्या तिघीजणी एकामागून एक उठल्या, त्यातली एक तर सभागृहात नुसतं विणकाम करायची! मंत्री म्हणाले, "बघू." बाई म्हणाल्या, "बघू ही तारीख नाही, तारीख सांगा." पावसाळ्याआधी दवाखान्याचा पाया घालतो, असं कबूल करावं लागलं त्यांना.

तुझीच,
एनिफा

ता. क. : पाया घातला तरी विटा वाटेत गायब होऊ नयेत म्हणून तिथे कुणीतरी भांडखोर हवं. आपल्या प्रभागाची कौन्सिलातली जागा रिकामी आहे. पक्षात मी तुझं नाव सांगून आले.

आणखी ता. क. : रागावू नकोस. शनिवारी येते, दारातच गुडघे टेकते, मग हवं तेवढं बोल. तुझे गुडघे दुखतात हे एका परीने बरंच आहे, ताई. तिथे तुझं नाव पुकारलं, तरी तुला ते टेकता यायचे नाहीत.