कोणता शब्द कोणाच्या घरी

सर, आज तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मोहाडीत तुमच्या कौलारू घराच्या जागी आता कुणाचं तरी दोन मजली घर आहे, आणि मी स्वतः साकोलीच्या शाळेत इंग्रजी शिकवता शिकवता म्हातारी व्हायला आले. पण भांडायला समोरचा माणूस जिवंतच पाहिजे, असं कुठं आहे? मी पुण्यात आहे, लेकीच्या भाड्याच्या खोलीत. दुपारचं ऊन फरशीवर सांडलंय, लेक भिंतीकडे तोंड करून झोपली आहे, आणि तिचा श्वास ऐकता ऐकता मला सारखं आपलं गाव दिसतंय. तलावाच्या पाळीवरून सायकल हातात धरून चालत येणारे तुम्ही दिसताय, पँटला चिमटा, कॅरिअरला डबा.

तुम्ही शब्दाचा अर्थ कधी सांगितलाच नाही. शाळा सुटली की आमच्यासोबत गावातून पायीच निघायचात आणि विचारायचात, "सांगा, हा शब्द कोणाच्या घरी राहते?" दुःखाचे इंग्रजी शब्द आम्हाला सगळे सारखेच वाटायचे, एका आईची लेकरं. तुम्ही त्यांना घरं वाटून दिलीत. स्ट्रेन तलावात जाळं ओढणाऱ्या काकांकडे राहायचा. त्यांच्या मानेच्या शिरा दाखवून म्हणायचात, "ओझं खाली ठेवलं का उतरते, थो स्ट्रेन." डिस्ट्रेस खोलगटातल्या घरी, जिथे पाणी शिरलं की बाई दारात येऊन अख्ख्या गावाला हाक मारायची. अ‍ॅगनी किराणा दुकानदाराकडे, कारण मुतखड्याची कळ आली की तो गल्ल्यामागे गडबडा लोळायचा. आम्ही हसायचो, तुम्हीही मिशीत हसायचात. आणि अँग्विशचं घर गावाच्या टोकाला होतं. त्या घरच्या मुलीला सासरचे माहेरी पाठवत नव्हते. तिची आई कुणाशी काही बोलत नसे. संध्याकाळी आम्ही तिथून जातो तेव्हा ती अंगण झाडत असते. सकाळी झाडलेलं, दुपारी झाडलेलं, काडी नाही की पान नाही, तरी झाडत असते. तुम्ही सायकल थांबवत नाही, फक्त आवाज खाली आणता. "पोरीहो, हा शब्द हाक मारत नाही. याचे हात पाहा लागते."

एकदा निबंधात मी लिहिलं की परीक्षेमुळे मी अ‍ॅगनीत आहे. वाटलं, सर खूश होतील. तुम्ही वर्गासमोर उभं केलंत. "काहून वं, लोळून राहिली का तू? सकाळी जेवली ना? मंग एवढा मोठा शब्द कायले खर्चून टाकला? उद्या खरंच मोठं दुख आलं तं त्याले काय देशील?" मी रडले. शाळा सुटल्यावर पाळीवर तुम्ही रुमालातले उकडलेले शिंगाडे पुढे केलेत, एक स्वतः सोलून दिलात. "खाय. गेली का अ‍ॅगनी?" गेली होती, काय सांगू! त्या शिंगाड्याचा पिठूळ गोडवा अजून जिभेवर आहे. पण त्या दिवसापासून मी जन्मभर लहानच शब्द वापरत आले. बाळंतपणाच्या कळांतसुद्धा नर्सला म्हणाले, "थोडं दुखते." लेकीलाही तेच शिकवलं, की रडून गाव गोळा करू नये, शब्द जपून वापरावा.

आता भांडणाचं. स्ट्रेस हा शब्द तेव्हा आपल्या गावात राहायला आलाच नव्हता, म्हणून त्याला तुम्ही घर दिलं नाहीत. आज तो घरोघरी भाड्याने राहतो. बस चुकली तरी स्ट्रेस, माणूस गेलं तरी स्ट्रेस. लेक फोनवर म्हणाली, "अगं काही नाही आई, जस्ट थोडा स्ट्रेस आहे." पुण्याला गेल्यापासून ती असंच बोलते, 'अगं' लावून. मी तुमच्यासारखी एकेक विचारत बसले. काम फार आहे का? नाही. साहेब ओरडतो का? नाही. बरं, आता काय करून राहिली होती? "काही नाही, रूम झाडत होते." तिचे बाबा म्हणाले, "आजकाल साऱ्या पोरी हेच म्हणतात. तू कायले जीवाले घोर लावून राहिली?" पुढच्या फोनच्या वेळीही ती झाडतच होती. त्याच्या पुढच्यालाही. तिच्या आवाजामागे झाडूची सरसर ऐकू आली आणि मला एकदम गावाच्या टोकाचं ते अंगण दिसलं. भाजी चिरायची सुरी माझ्या हातात तशीच राहिली.

आणि तुम्ही! तुमचं दुखणं ऐकून मी मोहाडीला आले होते, आठवतं? तुम्ही ओसरीत बसून सायकल पुसत होतात. ती चालवायची ताकद उरली नव्हती, तरी चाकाची एकेक तार फडक्याने पुसत होतात. मी विचारलं, कसं आहे सर? "काही नाही वं, थोडा स्ट्रेन आहे." शब्दाला इतका जपणारा माणूस, मी विश्वास ठेवला आणि चहा पिऊन परत आले. धानाची कापणी उरकायच्या आत तुम्ही गेलात. आम्हाला हात पाहायला शिकवलंत आणि स्वतःच्या वेळी घर चुकीचं सांगितलंत. मला तुमचा राग येतो सर, अजून येतो. मोठ्या दुःखासाठी शब्द जपून ठेवा म्हणालात, आणि ते दुःख आलं तेव्हा तुम्हीच तो शब्द बाहेर काढला नाहीत. तुमची ती सवय माझ्याकडे आली, माझ्याकडून लेकीकडे गेली.

"येऊ नको, खरंच," असं ती म्हणत होती तेव्हा मी पिशवी भरत होते. साकोलीहून नागपूरची बस, नागपूरहून गाडी. खिडकीबाहेरचं सगळं पाणीच वाटत होतं, आपल्या तलावासारखं, काठ नसलेलं. दार उघडलं तेव्हा तिच्या हातात झाडू होता. खोली इतकी लख्ख की पाय ठेवायला संकोच वाटावा, आणि गॅसवर मात्र एक भांडं नाही. पोरीचे डोळे खोल गेले होते. कोणता शब्द, ते मी विचारलं नाही. झाडू काढून घेतला, पिशवीतला एक शिंगाडा सोलला आणि तिच्या हातावर ठेवला. तिने तो खाल्ला नाही, मुठीत धरून ठेवला. मग म्हणाली, "आई, मले घरी ने." 'मले' म्हणाली सर, कितीतरी दिवसांनी. आणि जी रडली, ती गाव गोळा होईल अशी. शेजारचं दार उघडल्याचं ऐकू आलं. मी तिला गप्प केलं नाही. काय झालं ते अजून मला माहीत नाही, सांगेल तेव्हा सांगेल. आम्ही उद्या निघतोय.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? ते पिशवीतच राहील, शिंगाड्याच्या सालांसोबत. फक्त एक सांगायचं राहिलं. मघाशी तिच्या बाबांचा फोन आला होता. "पोरगी कशी आहे? तू कशी आहे?" मी म्हटलं, "ठीक आहो आम्ही. मी थोडी दमली, बस." फोन ठेवला तेव्हा पाहिलं, तर झाडू माझ्या हातात होता, आणि ही झाडलेली खोली मी पुन्हा दारापासून झाडत आणली होती.