कोरड्या रस्त्याचे पंच

११ एप्रिल

सकाळी कॉलेजात परीक्षेच्या पर्यवेक्षणाला निघालो होतो. गावाबाहेर, हणमंतप्पाच्या पंक्चरच्या दुकानासमोर गर्दी. पाण्याचा टँकर आडवा पडलेला, त्याच्याखाली मोटारसायकल. चादर टाकली होती. मडगार्डावरच्या निळ्या ‘जयभीम’वरून ओळखलं. सुगत. बी.ए.ला माझ्याकडं मराठी होतं त्याचं. पहिल्या बाकावर बसायचा.

जमादार म्हणाले, “सर, तुमी शिकलेले मानूस. पंच म्हनून सही द्या. मजकूर मी ठान्यात बसून लिहितो.”

कागद कोरा होता. सही केली. दुसरी हणमंतप्पाची. दहाचा पेपर गाठायचा होता.

पर्यवेक्षणाला बसलं की मुलांनी एक ओळ लिहिण्याआधीच त्यांच्या उत्तरपत्रिकांवर सह्या कराव्या लागतात. वर्षानुवर्षं करतो. हात सवयीनं चालला. आजही नंतर तीन तास तेच केलं.

एक लिहून ठेवतो. हणमंतप्पानं सहज हातातली टायर काढायची लोखंडी टामी टँकरच्या टाकीवर आपटली. पोकळ आवाज आला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग टामी खाली ठेवली.

१२ एप्रिल

सुगतच्या वाडीला गेलो. त्याची बायको वंदना अंगणवाडीत आहे. भिंतीला टेकून बसली होती. परवाच्या जयंतीसाठी आणलेल्या पताका कोपऱ्यात तशाच.

त्याचा भाऊ सांगत होता. वाडीच्या नावानं रोज दोन टँकर निघतात, पोचतो आठवड्यातून एक. सुगतनं तहसीलला अर्ज दिला होता. मग टँकरमागं गाडी लावायचा, थांबला की टाकीवर दगड मारून ऐकायचा. “भरल्याली हाय का रिकामी, आवाजावरून कळायचं त्याला.”

मलाही कळलं होतं. काल.

१७ एप्रिल

वंदना घरी आली. पंचनाम्याची नक्कल घेऊन. मी आधी माझी सही वाचली, मग वरचा मजकूर वाचला.

‘टँकरमधील पाणी सांडल्याने रस्ता निसरडा झालेला होता. त्यावरून दुचाकीस्वार घसरून...’

“सर, कुठलं पानी?”

रस्त्यावर धूळ होती. त्या धुळीत चाक घसरल्याची खूण नव्हती, ब्रेकची नव्हती, ओलीचा ठिपका नव्हता. मुलं रिकाम्या घागरी घेऊन बघायला उभी होती. एवढं पाणी सांडलं असतं तर त्यांनी बोळ्यानं भरून घेतलं असतं.

“कोऱ्यावर सही केली मी,” म्हणालो.

तिनं नक्कल घडी घालून पिशवीत ठेवली. जाताना म्हणाली, “ते म्हनायचे, सर एक काना चुकला तरी पेपर परत करतात.”

१९ एप्रिल

मी चालवतो त्या कॉलेजच्या चित्रपट मंडळाचा खेळ उद्या. प्राचार्यांनी बोलावलं. “कुठला लावताय? राजकारणाचा नको हो. आपलं गाव जिल्हा होण्याची घोषणा तोंडावर आलीय. मंत्रीसाहेब येणारेत. वातावरण चांगलं पाहिजे.”

जिल्हा. सगळ्याचं उत्तर सध्या हेच. नळाला पंधरा दिवस पाणी नाही: जिल्हा होऊ द्या. टँकरवाला साहेबांच्या आतल्या गोटातला: जिल्हा होऊ द्या, मग बघू. हणमंतप्पानं तर पाटीवरच्या ‘जि. लातूर’वर पांढरा रंग मारून गावाचंच नाव घालून टाकलं आहे.

जुना परदेशी आहे, कृष्णधवल आहे, असं सांगितलं. त्यावर ते निर्धास्त झाले.

मला वाटलं, जे मी बोलत नाही ते पडदा बोलेल. तेवढ्यानं भागेल.

२० एप्रिल

सभागृह भरलं. अर्धे लोक पंख्यांच्या वाऱ्यासाठी. वंदना बायकांच्या रांगेत शेवटी. हणमंतप्पाही दाराशी.

पडद्यावरची इंग्रजी अक्षरं सगळ्यांना वाचता येत नाहीत. म्हणून मी नेहमीप्रमाणे बाजूला उभा राहून प्रत्येकाचं बोलणं मराठीत म्हणत गेलो. बंदरावरच्या मजुरांचा पुढारी नगरभवनाच्या गच्चीवरून पडतो. अपघात, असं ठरतं. एक तपासनीस चौकातल्या एकेकाला विचारत सुटतो. पाववाला, न्हावी, पोस्टमन, वकिलाची बायको. प्रत्येकाचं एकच: मी त्या बाजूला बघत होतो.

पहिल्या वेळी लोक हसले. दुसऱ्या वेळी जास्त. मागून कुणीतरी, “आपल्याच गावचा हाय की रे ह्यो!” टाळ्या. चौथ्या वेळी कुणी हसलं नाही. पाचव्याला मी अडखळलो. तरी म्हटलं.

शेवटी तपासनिसाची बदली होते. दिवे लागल्यावर कुणी उठेना. मी खूश होतो. हे लिहायला हवं.

बाहेर वंदना थांबली होती. “सर, समदे तुमच्याच आवाजात बोलले.”

२१ एप्रिल

प्राचार्य: “जुना म्हणाला होतात.”

“जुनाच आहे.”

“मग लोकांना काल घडल्यासारखा कसा वाटला?” मंडळ तूर्त बंद. कागदावर नाही, तोंडी.

२४ एप्रिल

प्रांत कार्यालयाची नोटीस. वंदनाच्या अर्जावरून फेरचौकशी. दोन्ही पंचांनी २९ला हजर राहावं.

हणमंतप्पाकडं गेलो. ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधत होता. तेच गढूळ पाणी, आठ दिवसांचं, काळं.

“काय सांगणार, अप्पा?”

“तुमीच शिकिवलं की सर. मी त्या बाजूला बघत हुतो.” हसला. मी हसलो नाही तेव्हा तोही थांबला. “त्या टँकरवाल्याचे सहा टायर माज्याकडं येतात. तुमाला पगार हाय. मला न्हाई.”

“टाकी वाजवली होतीस तू.”

“हाव. वाजिवली. तुमी ऐकली. कोन जास्त मोठा गुन्हेगार, सांगा.”

अख्ख्या सभागृहात, इतक्या वर्षांत, चित्रपट नीट समजलेला हाच एक. वाक्य उचललं आणि वापरायला काढलं.

२६ एप्रिल

प्राचार्यांचा निरोप. नवा जिल्हा झाला की सांस्कृतिक समिती, माझं नाव वर गेलंय. आणि २९ला तब्येत बरी नसेल तर रजा देतील. मी अर्ज केलेला नाही.

घरी ही म्हणाली, “निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत.” एवढंच. पुढं भाजी निवडत बसली.

२९ एप्रिल

प्रांत कार्यालयाबाहेरचा बाक. हणमंतप्पा, मी, समोर वंदना. हणमंतप्पा आधी आत गेला, पाच मिनिटांत बाहेर. माझ्याकडं न बघता पायऱ्या उतरला.

मग शिपाई आला. प्रांतसाहेब मंत्र्यांच्या दौऱ्याच्या बंदोबस्ताला निघाले. उरलेले जबाब पुढच्या तारखेला. तारीख? नव्या जिल्ह्याचं कार्यालय सुरू झालं की कळवू.

वंदनानं फाईल पिशवीत घातली. “जुलै तरी उजाडंल,” म्हणाली. “सर, तवर रस्ता कोरडाच ऱ्हाईल ना?”

तिची बस लागली होती.

घरी येऊन एक कागद घेतला. लिहिलं: ‘रस्ता कोरडा होता. धूळ होती. टाकी रिकामी होती, आवाज मी ऐकला. पंचनाम्यावर मजकूर लिहिला जाण्याआधी मी सही केली.’ पुन्हा वाचलं. काना, मात्रा बरोबर. मग खाली सही केली.

दोनदा फोन वाजला. प्राचार्य. उचलला नाही. वाडीची उद्याची पहिली बस साडेसहाला आहे. कागद टेबलावर, पेपरवेटखाली.