मायनं बांधलेलं पोट

माय, तू जाऊन साठ वर्षं होत आली. तुला वाचता येत नव्हतं आणि मलाही अक्षरं फार उशिरा आली, चाळिशी उलटल्यावर, बायांच्या रात्रशाळेत. तेव्हापासून वाणसामानाच्या याद्या लिहिल्या, लेकीला पत्रं लिहिली, तुला मात्र कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. तुला सांगायचं होतं ते एकच होतं आणि त्याची मला लाज वाटत होती. अजून वाटते. पण परवा नातीला परभणीच्या दवाखान्यात मुलगा झाला, मी तिच्या उशाशी बसले होते, आणि तिथं जे घडलं त्यानंतर मला नीट झोप नाही. म्हणून तिच्याच जुन्या वहीतली कोरी पानं घेऊन बसले आहे.

माझं पहिलं बाळंतपण तुला आठवत असेलच. सोनपेठचं आपलं घर, वैशाखातलं ऊन, आणि सोळा वर्षांची मी. लेक झाली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तू मला बांधायला घेतलंस. आधी कोमट तेल, मग कढत पाणी, मग बाजेखाली निखारे आणि त्यांवर ओव्याची धुरी. अंग कोरडं झालं की तुझ्या जुन्या लुगड्याचा फाडलेला लांब पट्टा तू ओटीपोटापासून वर गुंडाळत यायचीस, गुडघा बाजेला लावून, दात आवळून. "श्वास सोड," म्हणायचीस. मी सोडला की एक वेढा घट्ट. मी रडायचे. गरोदरपणात ताणून ताणून पोटावर जांभळट रेघा उमटल्या होत्या, बेंबीखाली एक काळी रेघ उतरली होती, त्यावर घामोळं, आणि त्यावर तुझा तो पट्टा. "सव्वा महिना सोसायचं," तू म्हणालीस, "मग जलमभर ताठ चालशील." मी चिडून म्हणाले, "तुझं कुठं ताठ हाय?" तुझं पोट लुगड्याच्या निऱ्यांवर ओघळलेलं असायचं, सात बाळंतपणांचं. तू पट्ट्याचं टोक खोचत म्हणालीस, "मला कुणी बांधलंच न्हाई. तिसऱ्या दिशी जात्यावर बसले मी." एवढंच. ना राग, ना काही. म्हणूनच तर तू गल्लीतल्या प्रत्येक बाळंतिणीला बांधायला जायचीस. पार नदीकडच्या वस्तीतूनसुद्धा बाया तुला बोलवायला यायच्या, आणि तू हातातलं काम टाकून निघायचीस. तेवढीच एक गोष्ट होती जिच्यासाठी लोक तुझ्या नवऱ्याचं नाव न घेता तुला ओळखत.

तू अशी बाहेर गेलीस की मी पट्टा सोडायचे. बाराव्या दिवसापासून रोज. सगळा सोडून वारा लागू द्यायचे, आणि तुझी चाहूल लागली की कसाबसा गुंडाळून गाठ मारायचे. मला वाटायचं, तुला काय कळतंय.

सासरी पालमला गेले तेव्हा लेक तीन महिन्यांची होती. नवरा परभणीला अडत दुकानात, महिन्याकाठी दोन दिवस यायचा. घरात आत्याबाई, म्हणजे माझी सासू, मामंजी आणि मी. बोलायला कुणी नाही. लेकीला सकाळी न्हाऊ घातलं की आत्याबाई घेऊन बसायच्या, आणि माझ्या वाट्याला जातं, आड आणि चूल. आडावरून दोन घागरी डोक्यावर घेऊन चढण चढले की पोटात काही धरलेलंच नाही असं वाटायचं. कंबर मोडायची. बाजेवरून उठताना पोटाच्या मधोमध एक लांबट उंचवटा वर यायचा, तो बघून मला भीती वाटायची, पण सांगणार कुणाला? उभं राहिलं की पोट पुढं. लेक आठ महिन्यांची झाली तरी पुढंच. एक दिवस न्हाणीतून लुगडं सावरत बाहेर आले तर आत्याबाई दारात उभ्या. माझ्याकडे बघून हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "कितवा?" त्यांनी विचारलं.

मी खाली बघितलं, माय. एवढंच केलं. पण आपल्यात सून असल्या गोष्टीला तोंडानं हो म्हणते कुठं? खाली बघणं म्हणजेच हो. त्याच दिवशी माझ्या डोक्यावरची घागर गेली. जातं गेलं. दुपारी आत्याबाईंनी स्वतः दूध आणून दिलं आणि "निज जरा," म्हणाल्या. मी अंगावर पाजत होते, पाळी परत आलेली नव्हती, त्यामुळे मलाही वाटलं, असेल बाई खरंच. पंधरा दिवसांनी पाळी आली. शेजारच्या दुसऱ्या घरांत सून बाजूला बसते, पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळलं असतं. आपण गळ्यात लिंग बांधणारी माणसं, आपल्यात तो विटाळ पाळत नाहीत. मी नेहमीसारखी चुलीपाशी बसले आणि कुणाला काही समजलं नाही. मी फडकी परड्यात लपवून वाळवली. मला तो दुपारचा विसावा हवा होता. ते "निज जरा" हवं होतं. पूजेच्या वेळी तळहातावर लिंग घेतलं की मात्र मला त्याच्याकडे बघवायचं नाही, कारण आठवा महिना लागला की स्वामी येणार होते, पोटातल्या बाळाच्या नावानं लिंग बांधायला. आणि पोटात कुणीच नव्हतं.

मग आत्याबाईंनी तुला निरोप धाडला. बैलगाडीनं दोन दिवस, गंगाखेडला मुक्काम करून तू आलीस. चोळीचा खण, शेंगदाण्याचे लाडू, आंबट बोरं, सगळं डोहाळ्याचं घेऊन. दारात पाय धुताना तुझी नजर माझ्यावर पडली आणि तुझं हसू अर्ध्यावर थांबलेलं मला अजून दिसतं. जेवणं झाल्यावर "अंगाला तेल लावते पोरीच्या," म्हणून तू मला मधल्या खोलीत घेऊन आलीस आणि दार लोटलंस. मी उताणी पडले आहे. तू म्हणतेस, "मान उचल." मी उचलते. तुझी तीन बोटं माझ्या बेंबीच्या वर आत जातात, मळलेल्या पिठात जावीत तशी. तू हात तसाच ठेवून बसलीस.

"यात काय न्हाई," तू हळू म्हणालीस. "मास दोन्हीकडं फाकलंय नुसतं."

मी रडायला लागले. "मला ठावं हाय."

"किती दिसापासून?"

"दीड महिना."

तू माझ्या तोंडावर पदर धरलास, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. "अन् पट्टा किती दिस ठिवलास?" मी तोंड भिंतीकडं वळवलं. "मी मारलेली गाठ मला वळखू येत न्हाई व्हय?" तू म्हणालीस. "लय उकडायलंय पोरीला, म्हनून गप बसले." मग तू माझी चोळी सारखी केलीस, डोळे पुसलेस आणि म्हणालीस, "आता तू तोंड उघडू नको. एक अक्षर न्हाई."

बाहेर आत्याबाई सुपात ज्वारी निवडत होत्या. तू त्यांच्यासमोर खाली बसलीस. "विहीणबाई, पोरीला दिवस न्हाईत. बाळंतपणात माझं बांधणं चुकलं, ढिलं ऱ्हायलं. पोट सुटलंय तिचं. तिला बी उमगलं न्हाई, तुमाला बी न्हाई. चूक माझी हाय." आत्याबाईंचा हात सुपातच राहिला. मग त्या म्हणाल्या, "सात लेकरं झाली तुमाला, अन् लेकीचं पोट बांधता येईना?" मी दाराआड उभी होते. तू मान खाली घालून बसली होतीस आणि तुझे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते. मी एक पाऊल टाकलं असतं तर पुरलं असतं. मी लेकीला उचललं आणि परड्यात गेले.

तू मला सोनपेठला घेऊन आलीस, दोन महिने. सकाळी जमिनीवर उताणी निजवायचीस, गुडघे उभे करून. "श्वास सोड, अन् बेंबी पाठीला लावाया बघ. जोर करू नको. उठताना कुशीवर वळून उठ." दिवसातून तीनदा. घागर उचलू द्यायची नाहीस. हळूहळू पोटाला धर आली, तीन बोटांची जागा दीड बोटावर आली. पण गोष्ट आपल्या आधी गावात पोचली होती. समोरच्या घरातली सून बाळंत झाली त्या सकाळी मी अशीच जमिनीवर पडून श्वास सोडत होते, आणि समोरची सासू आपल्या दारावरून पुढं गेली, वरच्या आळीतल्या म्हातारीला बोलवायला. तू उंबऱ्यात बसली होतीस. तुला वाटलं असावं तुलाच न्यायला आली, कारण तू उठून पदर सारखा केलास. मग परत बसलीस. त्या दोन महिन्यांत तुला कुणीही बोलावलं नाही. मी रोज ठरवायचे की उद्या गल्लीत सांगेन. रोज.

पुढच्या वर्षी निजामाच्या राज्यात गडबड माजली. दिवस मावळायच्या आत दारं बंद, रस्त्यानं गाडी नाही, कुणाचा निरोप कुणाला नाही. तुला ताप आला आणि तू गेलीस हे मला तेरा दिवसांनी कळलं. मी तेव्हा खरीच गरोदर होते.

आता परवाचं सांगते. व्यायाम शिकवायला एक बाई आल्या दवाखान्यात. त्यांनी नातीला मान उचलायला सांगितली आणि बोटं घालून बघितली, अगदी तुझ्यासारखी. म्हणाल्या, नुसत्या पट्ट्यानं पोट आत जात नाही, त्याचा आधार होतो फक्त. फाकलेले स्नायू जवळ यायला महिने लागतात, आणि एखादीचे पट्टा बांधूनही येत नाहीत. रेघा पुसट होतात, जात नाहीत. मग श्वास सोडून बेंबी आत घ्यायला शिकवलं. म्हणजे माय, मी पट्टा ठेवला असता तरी कदाचित तेच झालं असतं. चूक तुझी नव्हती, आणि कोण जाणे, माझीही नसेल. मला तिथंच मोठ्यानं रडावंसं वाटलं. तुला सांगायला हवं होतं हे कुणीतरी, जेव्हा तू उंबऱ्यात बसून होतीस तेव्हा.

बाई गेल्यावर नातीनं माझ्याकडे बघून विचारलं, "आजी, तुझं पोट असं का राहिलं गं? तुला नव्हतं का बांधलं कुणी?"

खोलीत आम्ही दोघी आणि ते झोपलेलं बाळ. आत्याबाई नाहीत, गल्ली नाही, ऐकून नावं ठेवणारं कुणी उरलेलं नाही. आणि मी म्हणाले, "बांधलं होतं की. माझ्या मायनं. पण ढिलं बांधलं."