पाव इंच माया

४ मार्च, मंगळवार

डॉक्टरने आज निकाल लावला. डावा पाय स्टुलावर ठेवून बसणं बंद! "खुब्याचा सांधा झिजलाय. जन्मभर शिलाई मशीन मारलंत, वर हे." गिटार वाजवा म्हणाला, पण दोन्ही पाय जमिनीवर. सांगायला काय जातं! डावा पाय वीतभर उंच, त्या मांडीवर गिटार, गळा तिरका वर — अठरा वर्षं असाच बसतोय. पाय खाली घेतला की गिटार पोटात घसरते आणि डावा हात अवघडतो.

दुसरं काहीतरी शोधायला हवं. ताईला सहा वाजलेले कळतात.

५ मार्च

स्टूल न घेता बसलो. बारा मिनिटं. मग पाठ, मग खुबा, मग डोळ्यांत पाणी.

ताईला झटका येऊन आठ महिने झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दिवसभर गप्प असते. संध्याकाळी सहाला सुरू होतं — डाव्या हाताने चादरीची दुमड उसवायची, कण्हायचं, मग ओरडायचं, घसा बसेपर्यंत. फक्त गिटारने थांबते. निदान अर्धा तास वाजवावं लागतं, तेव्हा कुठे हात सैल पडतो. ज्या बाईने इतकी वर्षं "पुरे कर तुझी टुंगटुंग" म्हणून मला माडीवर पिटाळलं, तीच! हसावं की रडावं कळत नाही.

आज दोन तास ओरडली. शेजारच्यांनी भिंत ठोकली.

७ मार्च, शुक्रवार

वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एक लोखंडी टेकू पुढे केला, त्याला तीन रबरी वाट्या. वाट्या गिटारच्या कडेला दाबून चिकटवायच्या, टेकू मांडीवर, दोन्ही पाय खाली. "काका, हल्ली सगळे हेच वापरतात." घेतला.

एकोणीस मिनिटं चांगली गेली. मनात म्हटलं, जमलं! तेवढ्यात फट्ट. वाटी सुटली, गिटार गुडघ्यावर आदळली, कडेचं कोटाच्या बटणाएवढं पॉलिश वाटीबरोबर गेलं. ताई दचकून किंचाळली. मग थांबेचना.

९ मार्च

टेकू परत केला. पट्टा लावायचा तर गिटारला दोन भोकं पाडावी लागतील. नाही म्हटलं.

तयार उशी आणली. गुळगुळीत. माझ्या पँटवरून अशी घसरते की गिटार सांभाळू की उशी? शिवाय ती कुणातरी लांबलचक माणसाच्या मांडीसाठी केलेली. गुंडाळलेला टॉवेल पाहिला, लोड पाहिला, जाड शब्दकोशसुद्धा मांडीवर घेऊन पाहिला. या सगळ्यांत जास्त वेळ शब्दकोश टिकला — चौदा मिनिटं.

१२ मार्च, बुधवार

भाची आली होती. ताईची एकुलती एक. बराच वेळ आईजवळ बसली, मग स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "मामा, तुम्हालाच धड उभं राहता येत नाहीये. आईचं कसं करणार?" आजारी माणसांना ठेवून घेणारी एक संस्था तिने पाहून ठेवलीय. स्वच्छ आहे म्हणे. संध्याकाळी त्रास झाला तर झोपेचं इंजेक्शन देतात.

पंचवीस तारखेला गाडी येईल.

मी हो म्हटलं. वाद घातला नाही, काही नाही. लिहितानाही लाज वाटते.

१५ मार्च

वाजवलं नाही. नुसता ऐकत बसलो.

१८ मार्च, मंगळवार

शिंपी असून तयार माल शोधत फिरलो. मूर्ख!

आज टेप घेऊन स्वतःचंच माप घेतलं. मांडीपासून गिटारच्या कमरेपर्यंत आतून चार इंच, बाहेरून साडेपाच. म्हणजे उशी उतरती हवी. न घसरणारं कापडही हवं. ताईच्या ट्रंकेत हिरवं कॉर्डरॉय सापडलं, तिने स्वतःच्या कोटासाठी ठेवलेलं. कोट कधी झाला नाही, गिऱ्हाइकांचेच होत राहिले.

कापड जेमतेम. पाव इंचच माया सोडली. माया! शिवणीच्या आत राहणारं जादा कापड. चौदाव्या वर्षी तिच्या दुकानात आलो तेव्हा तिने शिकवलेला हा पहिला शब्द. "माया सोड रे, कंजूषा! ताण पडला की उसवेल." आणि डोक्यात टपली. चाळीस वर्षं माझी प्रत्येक शिवण अंगठ्याने तपासली तिने. आता तपासणारं कोण आहे?

२१ मार्च

उशी झाली. आत कातरणं ठासून भरली.

पस्तीस मिनिटं! दोन्ही पाय खाली, पाठ सरळ, खुबा गप्प. ताईचा हात सैल पडला. मी त्यानंतरही वाजवत राहिलो.

आणि उपयोग काय? चार दिवस उरले. आता आरामात बसून रिकाम्या खाटेला ऐकवायचं. हे दोन आठवडे आधी का सुचलं नाही? भाचीला कुठल्या तोंडाने सांगू? परवा पाठ पुन्हा धरली तर?

२३ मार्च, रविवार

संस्थेचं पत्रक आलंय — प्रत्येक कपड्यावर नाव हवं. दिवसभर ताईच्या गाऊनांवर, झंपरांवर, रुमालांवर तिचं नाव शिवत बसलो. एकवीस वेळा. गिऱ्हाइकांचे कपडे अदलाबदल होऊ नयेत म्हणून आपण दोऱ्याची खूण करतो, तसंच. तिच्यासमोरच बसून शिवलं. ती बघत होती. तिला काय कळलं, देव जाणे. मला तिच्याकडे पाहवलं नाही.

२४ मार्च, सोमवार

वाजवून झाल्यावर उशी तिच्या हाताशी ठेवून चहा टाकायला गेलो. परत आलो तर तिचा अंगठा उशीवर फिरत होता. ओठ हलले.

"माया."

आठ महिन्यांनी शब्द! मी तिथेच रडायला लागलो. तिचा हात धरून म्हटलं, "आहे गं ताई, माझी आहे ना तुझ्यावर!"

तिने हात झटकला. अंगठा परत शिवणीवर नेला. तिथे दोन टाके सुटले होते, आतलं कातरण दिसत होतं.

"माया... कमी."

भाचीला फोन केला. गाडी नको म्हटलं. का, विचारलं तिने. सांगितलं — ताईने उशी नापास केली, परत शिवायचीय.