सात वह्या आणि अध्यक्षांची खुर्ची

मी, श्रीपाद विनायक आठल्ये ऊर्फ दादा, वय एकोणसत्तर, निवृत्त शिक्षक, राहणार फ्रीगंज, उज्जैन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. तिचा मी नेहमी नीट उपयोग केला, असे मात्र त्यांनी लिहिलेले नाही.

१. राहते घर माझा पुतण्या सुहास यास द्यावे. अट एकच. गणपतीच्या आधी महिनाभर पुढची खोली नाटकमंडळींना तालमीसाठी मोकळी ठेवावी आणि चहाला नाही म्हणू नये.

२. पोस्टातली शिल्लक सुमनबाईंना द्यावी. माझी पत्नी प्रतिभा गेल्यापासून बारा वर्षे त्यांनी माझा स्वयंपाक केला. आतून त्यांनी माझी सगळी भाषणे ऐकली आणि एकदाही वाहवा केली नाही. हे त्यांचे उपकार मला उशिरा कळले.

३. पुस्तके आपल्या मराठी समाजाच्या वाचनालयास द्यावीत. मधुकर डोंगरे यांनी शब्दकोश नेला त्याला अकरा वर्षे झाली. तो मी त्यांना दिला असे समजावे, पण त्यांनीही तसे समजू लागण्यापूर्वी निदान एकदा विचारायला हवे होते. माझ्या भाषणांचे गठ्ठे बंबात घालावेत.

४. आता बापू रेग्यांच्या वह्या. त्या सात आहेत आणि माझ्या उशाच्या कपाटात आहेत.

बापू रेल्वेत पार्सल क्लार्क होते. एकोणीसशे एकोणचाळीसपासून ते गणेशोत्सवात चौथ्या दिवशी ‘भय्यासाहेबांची स्वारी’ या नाटुकल्याचा नवा भाग लिहून त्यात स्वतः काम करीत. भय्यासाहेब म्हणजे दरबारचा जुना नोकर. रोज पगडी घालून तो देवास गेटवर सरकारस्वारीची वाट पाहतो, आणि स्वारी काही येत नाही. टांगेवाला विचारतो, “क्या बाबूसाब, आज भी नहीं आई?” घरी बायको जानकी वाट पाहत असते.

“स्वारी निघाली असेल गं.”

“निघाली असेल तर त्यांनाच सांगा, येताना अर्धा शेर भिंडी घेऊन या.”

मी जगातली मोठमोठी नाटके वाचली आहेत. पण वर्षभर वाट पाहिली ती या अर्ध्या तासाची. पहिल्या रांगेत बसून मी इतका हसे की बापू माझ्याकडे पाहून पुढचे वाक्य थांबवून धरीत.

सत्तेचाळीस साली मांडवाचे अध्यक्षपद माझ्याकडे आले. खेळ संपला की अध्यक्षाने समारोप करावा आणि मंडळींना दोन सूचना द्याव्यात, ही आपली पद्धत. मी दोनांवर कधी थांबलो नाही. देश स्वतंत्र झाला, आता या माणसाने दरबाराची वाट काय पाहावी, त्याच्या हाती चरखा द्या, असे मी गर्जलो. पुढे म्हणालो, हिंदीची भेसळ काढा, टांगेवाला कशाला हवा? जानकीने नवऱ्याला असे टाकून बोलणे शोभत नाही, असेही म्हणालो. दरवर्षी टाळ्या पडत. दरवर्षी बापू पायरीवर बसून पेन्सिलीने लिहून घेत.

खेळ बिघडत गेला. मी हसेनासा झालो, आणि माझ्या आवडीच्या गोष्टीने माझा विश्वासघात केला अशा रागाने जळू लागलो. चोपन्न साली जानकी म्हणाली, “नाथ, नवभारताच्या उभारणीत आपणही सहभागी होऊ या.” समारोपात मी ते वाक्य वेडावून दाखवले. “असली वाक्ये कोण लिहितो?” असे विचारले. भय्यासाहेब मेले आहेत, मांडवात प्रेत ठेवू नका, असे म्हणालो. लोक हसले. बापू पेन्सिल कानावर ठेवून उभे होते. त्यांनी हात जोडले. पुढच्या वर्षी खेळ झाला नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात बापू गेले. तेराव्यानंतर त्यांच्या पत्नी अनसूयावहिनी वह्या घेऊन आल्या. म्हणाल्या, “दादांना द्या, त्यांच्याच सूचना आहेत यात, असं सांगून गेलेत.”

बापूंचे मूळ लेखन एकेका रेघेने खोडलेले आहे, त्यामुळे सगळे वाचता येते. टांगेवाला आहे, भिंडी आहे. समासात प्रत्येक ठिकाणी तारीख घालून लिहिले आहे, “दादांची सूचना. बरोबरच असेल.” नवभारताचे ते वाक्य माझे होते. पन्नास सालच्या समारोपातून बापूंनी ते जसेच्या तसे उतरवून घेतले होते. “असली वाक्ये कोण लिहितो?” याचे उत्तर मांडवात बापूंजवळ होते आणि त्यांनी ते दिले नाही.

या वह्या बापूंची मुलगी जयू हिला द्याव्यात. तिने खेळ पुन्हा सुरू करावा. खोडलेले तेवढे करावे, समासातले सोडून द्यावे.

५. ~~वरील कलम बंद पाकिटात ठेवून माझ्या मृत्यूनंतर सुहासने अनसूयावहिनींना एकट्यांना वाचून दाखवावे.~~

हे कलम मी खोडले आहे. परवा वहिनी फराळाचे द्यायला आल्या, तेव्हा धीर करून मसुदा त्यांना वाचून दाखवला. त्यांनी पदराने चष्मा पुसला.

“बोललात भर मांडवात, आणि माफी बंद पाकिटात? तीही आपण गेल्यावर? बढिया आहे दादा.”

त्यांनी डबा रिकामा करून मागितला आणि त्या गेल्या.

६. म्हणून येत्या गणेशोत्सवात, चौथ्या दिवशी, पडदा उघडण्यापूर्वी मी उभ्याने कलम चार वाचीन. त्याआधी मेलो तर सुहासने वाचावे, आवाज न चढवता.

७. अध्यक्षांसाठी दरवर्षी माझ्या घरून जाणारी शिसवी खुर्ची खेळाच्या सामानात द्यावी. भय्यासाहेबांनी देवास गेटवर तिच्यात बसून वाट पाहावी. खेळ संपल्यावर समारोप होऊ नये. लोकांनी घरी जावे.

खाडाखोड माझीच आहे. एका रेघेने केली आहे, वाचता येते.

सही: श्रीपाद विनायक आठल्ये

आमच्या समक्ष सही केली:
मधुकर गणेश डोंगरे, फ्रीगंज
डॉ. श्रीकांत बळवंत मुळ्ये, टावर चौक

उज्जैन, कालपर्यंत मध्यभारत, आजपासून मध्यप्रदेश.
दिनांक १ नोव्हेंबर १९५६