राजपुत्र चालू लागण्यापूर्वी

२ जुलै १९९७
महिपती सरांनी कॉम्प्युटर क्लासमध्ये जाहीर केले: १५ ऑगस्टला प्रत्येकाने स्वतःचा प्रोग्राम दाखवायचा. ज्याचा सर्वांत चांगला, त्याला इंदापूरच्या नव्या शाखेत शिकवायची नोकरी. म्हणजे मलाच. बारावी नापास हा विषय यापुढे घरात निघणार नाही.
मी गेम करणार. खेळणारा राजपुत्र होतो, हरवलेली तलवार शोधतो. पुण्याहून आलेल्या फ्लॉपीत तसा एक पाहिला. कथा उथळ होती.

६ जुलै
बाणाची बटणे चालतात का, हे तपासायला आधी मेंढी केली. पूर्वी घरी कळप होता, आकार पाठ आहे. एक पाय आखूड झाला, पण चालते. तांत्रिक भाग संपला. आता कथा.

१९ जुलै
तलवार हरवली, कारण राजगुरूला शाप. शाप का, ते कळायला त्याचे आधीचे तीन जन्म. राजपुत्र हा त्याचाच पुढचा जन्म. दोघे एकाच वेळी जिवंत कसे, ते मजकुराच्या स्क्रीन ८८ वर.

२७ जुलै
शेजारच्या मशीनवर काटेवाडीची योगिनी बसते. विचारले, राजपुत्र चालतो कधी? म्हटले, स्क्रीन ११२ नंतर. म्हणाली, तोवर माझी एसटी जाईल.
तिने मेंढी मागितली. देऊन टाकली. कचराच तो.

८ ऑगस्ट
मेमरी भरली. तलवार काढून टाकली. हरवलेलीच आहे, कोणाला कळणार.

१४ ऑगस्ट
वडिलांना, म्हणजे आबांना, वाचून दाखवले. आबा म्हणाले, "त्यो गुरू मेलाय का जित्ता हाय, येवढंच सांग." मी सांगत असतानाच वैरण टाकायला गेले. वैरण टाकून झाली होती.

१५ ऑगस्ट
पाहुणे, निवृत्त मुख्याध्यापक सर्जेराव. स्क्रीन ९ वर म्हणाले, मशीन अडकलं वाटतं. उठून योगिनीकडे गेले.
तिचा गेम: मेंढी उसात शिरते, तिला बाहेर काढायची. बस. कथा नाहीच. सर्जेराव चाळीस मिनिटे हलले नाहीत. मागून आबा, "डाव्या अंगानं घ्या, गुरुजी. मुसंडी मारतीय ती."

१६ ऑगस्ट
इंदापूरला योगिनी जाणार.
आबा म्हणाले, "ती आपल्या कळपातली लंगडी हाय. चालीवरनं वळखली." सांगितले, मीच केली. मग म्हणाले, "आन् दिलीस कशाला?"

१७ ऑगस्ट
योगिनीच्या गेममध्ये एक मोठी उणीव आहे. मेंढी लंगडी का, हे कुठेच सांगितलेले नाही. आज लिहायला घेतले. मागच्या जन्मी ती राजगुरू होती.